सुमन आणि मुका चौकोन

सुमन कांबळे आंधळी होती. हे आधीच लिहून टाकतो आणि मोकळा होतो. ती गेल्यावर आमच्या गल्लीच्या तोंडाला जो फ्लेक्स लागला, त्यावर तिच्या नावाआधी 'अंध असूनही' असं ठळक अक्षरात छापलं होतं, आणि तिला हे 'असूनही' अजिबात खपायचं नाही. एकदा महिला दिनाला बँकेत तिचा सत्कार होता. सूत्रसंचालन करणारी बाई तसंच काहीतरी बोलली. सुमननं माईक मागून घेतला आणि म्हणाली, "मी अंध असूनही वेळेवर आलो. पाहुणे डोळस असूनही अजून यायचेत." सत्काराचा नारळ घेऊन तशीच घरी आली आणि माझ्या बायकोच्या हातात देऊन म्हणाली, "अक्का, चटणी वाट."

मी उद्यमनगरात लेथवर जन्म काढला. शाळा चौथीपर्यंत. लिहायचा सराव नाही. पण माझी बायको इंदू गेली, तिच्या मागनं सुमन गेली, आणि आता घरात भांडं पडलं तर त्याचाच आवाज. तो फ्लेक्स बघून डोकं फिरलं म्हणून लिहायला बसलोय. कसं जमतंय बघू.

आमची आणि तिची भिंत एक. आईला घेऊन भाड्यानं राहायला आली तेव्हा ती तिशीच्या आतबाहेर असेल. ह्यांच्या घरचा चहा घ्यायचा का नाही, अशी कुजबुज गल्लीत सुरू व्हायच्या आत इंदू त्यांच्या उंबऱ्यात बसून चहा प्याली आणि उरलेला तांब्या माझ्यापुढं आणून ठेवला. "पी. साखर आपल्यापेक्षा बरी हाय." विषय संपला. त्या दिवसापासनं इंदू तिची अक्का, आणि मी दाजी. पुढं आई वारली तरी सुमननं खोली सोडली नाही. इचलकरंजीचा भाऊ ने-ने म्हणायचा. ही म्हणायची, "तुझ्या यंत्रमागांच्या खडखडाटात मला माझंच ऐकाय येणार न्हाय."

संध्याकाळी तिच्या दारात गेलं की आत काळोख. मी ओरडायचो, "सुमे, बत्ती लाव की!"

"तुम्ही आला की लावतो. मला एकटीला बिल कशाला?"

एक जात होती माणसांची जिचा तिला संताप यायचा. ही माणसं पुढ्यात येऊन उभी राहायची आणि आवाज बदलून विचारायची, "वळख बघू मी कोण?" तिला बरोबर कळायचं कोण ते. पण ती मुद्दाम त्याच्या भाऊबंदकीतल्या दुश्मनाचं नाव घ्यायची. तो हिरमुसला की म्हणायची, "मग नाव सांगून बोलाय काय जातंय?"

आणि दुसरी जात पुण्य करणाऱ्यांची. ही दसरा चौकात रिक्षाची वाट बघत उभी असायची. कोणतरी भला माणूस येऊन दंडाला धरायचा आणि न विचारता रस्ता पार करून द्यायचा. हिला अलीकडंच थांबायचं असायचं. तो पुण्य घेऊन निघून गेला की ही परत अलीकडं. घरी येऊन इंदूला सांगायची, "आज परत पलीकडं नेऊन सोडलं गं एकानं. लई प्रेमळ होता. हात सोडवून घ्याय झालं न्हाय."

आम्ही हसायचो. तेव्हा हसण्यावारीच होतं सगळं.

बँकेत ती टेलिफोन ऑपरेटर होती. शाखेशाखेची माणसं तिला आवाजानं ओळखायची. फोन लागला की आधी घरची खुशाली, मग साहेब. पुढं बँकेनं मशीन बसवलं. एक दाबा, दोन दाबा. तिचा बोर्ड उचलून नेला. तिला दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात टेबल-खुर्ची दिली. टेबलावर काही नाही. सगळे म्हणायचे, पगार चालू हाय न्हवं, बस की निवांत. सुमन घरी येऊन इंदूजवळ बसली. लसूण सोलता सोलता म्हणाली, "अक्का, मला शोकेसमधी ठेवलंय."

मग तिनं रजा टाकून सांगलीला एका संस्थेत कॉम्प्युटर शिकून घेतला. येताना लॅपटॉप घेऊन आली. त्यात एक बोलणारा असतो. पडद्यावर जे अक्षर असेल ते तो वाचून दाखवतो आणि ही कळा दाबून त्याला पुढं-मागं हाकते. त्याचं नाव तिनं दिनकरराव ठेवलं. इतका भरभर बोलायचा की मी कान लावला तर तेलात मोहरी टाकल्यागत वाटलं.

"सुमे, हे बोलतंय का तडतडतंय?"

"दाजी, तुमच्या लेथपुढं मी उभारलो तर मलाबी तसंच वाटंल. पण तुम्हाला कळतंय न्हवं, कुठं खरखर हाय ते?"

सहा महिन्यांत ती इंदूशी गप्पा मारत मारत एका कानानं दिनकररावाचं ऐकायला लागली. इंग्रजी पेपर वाचायची. विजेचं बिल भरायची. गल्लीतल्या बायकांचे गॅसचे नंबर लावून द्यायची. आणि तिनं बँकेत अर्ज दिला, मला ठेवींच्या टेबलाला बसवा.

साहेबांनी सांगितलं, आधी ट्रेनिंग पास व्हा. हे ट्रेनिंग कॉम्प्युटरवरच होतं. एक साईट होती, तिच्यात शिकायचं आणि शेवटाला परीक्षा द्यायची.

आता इथं जरा सावकाश सांगतो, कारण सगळी गोची इथं झाली. त्या साईटच्या पानावर मधोमध एक चौकोन होता. शिकवणं, प्रश्न, उत्तरं, सगळं त्या चौकोनात. बघणाऱ्याला ते एकच पान दिसायचं. पण तो चौकोन त्या पानाचा नव्हताच. बाहेरनं वेगळा तुकडा आणून जोडलेला. प्लग-इन म्हणायचे. दिनकरराव पान वाचत वाचत यायचा आणि चौकोनाच्या कडेला आला की गप्प. त्याच्या लेखी तिथं काही नाहीच. कधी कधी बोलला तर एवढंच, "बटन. बटन. बटन."

"कसलं बटन, मुडद्या?" सुमन त्याला विचारायची. "पुढं जायचं, मागं यायचं का फाशी द्यायचं?"

"बटन," दिनकरराव म्हणायचा.

त्याहून वाईट म्हणजे कळ दाबत दाबत एकदा त्या चौकोनात शिरलं की बाहेर यायची वाट नाही. सगळं पान बंद करायचं आणि पुन्हा पहिल्यापासनं सुरू. मला काही उमजेना. तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला ड्रॉइंग दिलं, सगळी मापं लिवल्याली, पण मधल्या भोकाचंच माप न्हाय. आणि वरनं मालक म्हणतोय, बाकीच्यांना जमतंय की. तर तुम्ही काय कराल?"

"मी मालकाच्या तोंडावर फेकीन ते."

"व्हय, पण तुम्हाला दुसरा कारखाना हाय."

मग दोघी संध्याकाळी आमच्या पुढच्या सोप्यात बसायला लागल्या. इंदू सातवी शिकलेली. इंग्रजी अक्षरं ओळखायची, अर्थ नाही. ती चौकोनात बघून सांगायची.

"एक बाई हाय. केस कापल्याली. हात करतीया."

"बरं. आणि?"

"आणि काय न्हाय. हसतीया."

"हसू दे गं अक्का तिला. लिवलंय काय?"

"थांब की. ती अक्षरं उडत उडत येत्यात. आली. डी... ई... पी..."

इंदू एकेक अक्षर बोलायची आणि सुमन त्याचा शब्द करायची. स्वयंपाक राहायचा, मी पिठल्याची वाट बघत बसायचो. असं करत दोघींनी शिकवण्याचा भाग बराच ओढत नेला. पण परीक्षेला घड्याळ होतं. आणि त्यात काही प्रश्न असे की उत्तर माऊसनं उचलून जागेवर नेऊन ठेवायचं. जे दिसतच नाही ते उचलायचं कुठनं? वेळ संपायचा, पान लाल व्हायचं. इंदू म्हणायची, "नापास दावतंय गं." सुमन लॅपटॉप मिटायची. "मी नापास झालो न्हाय अक्का. मला प्रश्नच ऐकाय आला न्हाय."

तिनं तक्रार केली. एकदा नाही, सारखी. बँकेतल्या कॉम्प्युटर विभागाचे साहेब म्हणायचे, कंपनीला कळवलंय. ही परत लिहायची. कितव्या पानावर, कुठली कळ दाबल्यावर, आवाज नेमका कुठं बंद पडतो, सगळं. शेवटी साईट बनवणाऱ्या कंपनीचा माणूस पुण्याहून येऊन समक्ष बघतो म्हणाला. बुधवार ठरला.

त्या आठवड्यात ती जमिनीवर नव्हती. साडीला इस्त्री केली ती स्वतः, पटापट, बोट न भाजता. इंदू म्हणाली, "एवढं कशाला? परीक्षा हाय व्हय?"

"त्यापेक्षा मोठं हाय. मला पास व्हायची घाई न्हाय अक्का. मला ती मुकी जागा त्यांच्या कानाला दावायची हाय. ती एकदा बोलती झाली की माझ्या मागनं येणाऱ्या सगळ्यांचं भागतंय."

तिच्या शेजारच्या टेबलाला सावंत म्हणून होता. मनानं लोण्यासारखा. पावसात तिला स्कूटरवरनं घरी सोडायचा. साईट उघडताना एका चित्रातली वेडीवाकडी अक्षरं टाइप करायला लागायची. तीही दिनकररावाला वाचता यायची नाहीत, म्हणून बँकेत असली की सावंत टाकून द्यायचा, पासवर्डासकट. त्यामुळं तिचा पासवर्ड त्याला पाठ. शनिवारी सुमन भावाच्या नातवाच्या बारशाला इचलकरंजीला गेली. रविवारी संध्याकाळी परत आली आणि आमच्या सोप्यात टेकते न टेकते तोवर सावंतची स्कूटर दारात.

"ताई, आ करा."

"कशाचा पेढा? तुला ह्या वयात पोरगं झालं काय?"

"तुम्ही पास झालाय! पैकीच्या पैकी! आता ठेवींच्या टेबलाला बसायचं, ऐटीत!"

पेढा तिच्या तोंडात होता. चावायची थांबली.

"मी पेपर कुठं दिलाय?"

"आम्ही दिला की. मी आणि वरच्या मजल्यावरचे दोघं. काल जेवणाच्या सुट्टीत बसलो आणि उरकून टाकला. किती दिवस त्या बटन-बटनात डोकं फोडणार तुम्ही? आम्हाला बघवंना."

"सावंत, बुधवारी पुण्याचा माणूस येणार हाय."

"येऊ दे की. च्या पाजू त्याला."

खरं सांगतो, मलाही तेव्हा वाटलं, बरं केलं पोरानं. आपल्याकडं असंच असतं. कुणाचं अडलं की आपण विचारत बसत नाही. त्याच्या हातातनं काढून घेतो आणि करून टाकतो. सावंतच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. इंदू मात्र सुमनकडं बघत होती. सुमननं पेढा गिळला, पाणी मागितलं आणि उठून आपल्या खोलीत गेली. त्या दिवशी सावंत मागनं दारात जाऊन उभा असूनही तिनं बत्ती लावली नाही.

बुधवारी काय झालं ते तिनं नंतर सांगितलं. कंपनीचा माणूस आला, खुर्ची ओढून बसला, तिचं नाव टाकून बघितलं आणि म्हणाला, "मॅडमना तर पूर्ण गुण आहेत. म्हणजे तुमची अडचण सुटलेली दिसतेय." साहेबांनी विचारलं, "काय कांबळेबाई?"

सुमन म्हणाली, "व्हय. सुटली."

माणूस चहा पिऊन गेला. तक्रार बंद झाली.

इंदू तिच्यावर तुटून पडली. "तोंड शिवलं होतं काय तुझं? एवढी माईक घेऊन बोलणारी तू!"

"सावंत माझ्या मागं उभा होता अक्का. त्याचा श्वास ऐकाय येत होता मला. मी बोललो असतो तर त्याची नोकरी गेली असती. त्या दोघांचीबी. कशासाठी? माझं भलं केलं म्हणून?"

ठेवींच्या टेबलावर ती उत्तम काम करायची. तिथल्या प्रोग्रामात चौकोन-बिकोन नव्हता, दिनकरराव सगळं वाचायचा. पेन्शनवाले म्हातारे तिच्याच खिडकीला उभे राहायचे. ती खूश होती असं मला वाटायचं. इंदू म्हणायची, तुम्हाला वाटतंय ते.

वर्ष-दीड वर्षानं फोन आला. सुमन आमच्या सोप्यातच बसली होती, हात पिठात, म्हणून इंदूनं फोन स्पीकरवर टाकला. पलीकडं एक पोरगी. वैशाली नाव. गगनबावड्याकडची, आपल्याच बँकेत एका शाखेत वर्षाच्या करारावर लागलेली. तीही आंधळी.

"ताई, तुमचा नंबर शाखेतनं घेतला. राग मानू नका. मला ते ट्रेनिंग जमंना झालंय. तीनदा नापास झालो. साहेब म्हणत्यात, हेड ऑफिसच्या कांबळेबाईंना पैकीच्या पैकी पडल्यात, तुला का जमत न्हाय? ताई, त्या चौकोनात तुम्ही कुठली कळ दाबली? तेवढं सांगा की. मी करतो पाठ."

सुमनचे हात परातीत तसेच राहिले. आम्ही दोघं तिच्याकडं बघत होतो. तिला ते कळत होतं, मला माहीत आहे.

"उद्या सांगतो बाळ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती थेट मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेली. म्हणाली, तो पेपर मी दिला नाही. मी दुसऱ्याकडनं करून घेतला. कोणाकडनं ते सांगणार नाही, मीच सांगितलं होतं त्यांना. माझे गुण काढून टाका आणि त्या पोरीचा पेपर तोंडी घ्या.

चौकशी बसली. तिचे गुण काढले, टेबल काढलं, वेतनवाढ थांबवली. पण वैशालीचा करार त्याच आठवड्यात संपून गेला होता. साहेब म्हणाले, आता आमच्या हातात काही नाही.

फोन तिनं आमच्या सोप्यातनंच केला. एकटीनं करवेना म्हणून आली असणार.

"वैशाली, कुठलीच कळ न्हवती गं. मी न्हाय केलं ते. माझं दुसऱ्यांनी केलं. ती जागा मुकीच हाय. मलाबी काय ऐकाय येत न्हवतं."

मग ती पोरगी म्हणाली, "म्हणजे मी येडी न्हवतो तर."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सुमन पदर तोंडाला लावून बसली आणि इंदूनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मी बाहेर जाऊन उगाच सायकल पुसत बसलो. पुढं सुमननं त्या पोरीला कितीदा फोन लावला, तो नंबर लागला नाही.

सावंत एकदा आला, गुळाची ढेप घेऊन. दारातच रडायला लागला. "ताई, मी भलं कराय गेलतो."

"माहीत हाय रं मला. म्हणून तर तुझ्यावर राग काढता येईना. आत ये, च्या घे."

तो आत आला नाही. नंतर त्यानं बदली मागून घेतली.

उरलेली वर्षं सुमननं बँकेच्या दाराशी टोकन वाटत काढली. बोलायची तशीच तिखट. पण तक्रार लिहायला बसली की म्हणायची, "आता माझ्या शब्दाला काय वजन हाय, दाजी? मी कॉपी केल्याली बाई." तरी लिहायची.

इंदू आजारी पडली तेव्हा सुमन रोज उशाला येऊन बसायची. इंदूला डोळे उघडून वाचवेना, तर ही मोबाईलमधल्या दिनकररावाकडनं तिला पेपर वाचून दाखवायची. तोवर तो मराठी शिकला होता. "त्याला जरा हळू बोलाय सांग," इंदू म्हणायची, "मला कुठं गाडी गाठायची न्हाय." इंदू गेली त्या दिवशी सुमननं बायकांच्या आधी येऊन तिची साडी नीट केली, निऱ्या हातानं चाचपून. कोणाला हात लावू दिला नाही.

मध्यंतरी ते प्लग-इन सगळ्या जगानंच बंद केलं म्हणे. बँकेला नवी साईट घ्यावी लागली. कोणाच्या तक्रारीनं नाही, जुनं चालेना म्हणून. त्या नव्या साईटवर चौकोन नव्हता. दिनकरराव पहिल्या ओळीपासनं शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचायचा. सुमनच्या नोकरीचा तो शेवटचा महिना होता.

निवृत्तीनंतर ती भावाकडं गेली आणि थोड्याच महिन्यांत तिकडंच तापानं वारली. मला कळलं तेव्हा सगळं उरकलेलं. म्हणून माझ्याकडं तिचं शेवटचं दिसणं आहे ते खोली सोडली त्या दिवसाचं.

भाऊ टेम्पो घेऊन आला होता. गाद्या, भांडी, कपाट, सगळं चढलं. खोली रिकामी. मी निरोप द्यायला गेलो तर ही फरशीवर मांडी घालून, कपड्यांच्या बोचक्यावर लॅपटॉप ठेवून बसलेली. बँकेच्या त्या नव्या साईटवरचं तिचं नाव त्या संध्याकाळी बंद होणार होतं.

"काय चाललंय सुमे?"

"पेपर द्यायलोय."

"आता कशाला? रिटायर झालीस न्हवं?"

तिनं हात वर करून मला गप्प केलं. दिनकरराव तडतडत होता. ती ऐकायची, थांबायची, ओठ हलवायची, कळ दाबायची. मी दाराला टेकून उभा राहिलो. बाहेर भावानं दोनदा हॉर्न दिला. शेवटी ती हसली, मोठ्यानं, गल्लीत ऐकू जाईल अशी.

"काठावर पास, दाजी! लई चुकलंय!"

"झालं न्हवं मग? चल, ऊठ. तो खोळंबलाय."

"थांबा की. कुठं कुठं चुकलं ते वाचून दावायलाय. ह्या माझ्या चुका हायत. मला सगळ्या ऐकायच्यात."

परत हॉर्न. मी बाहेर गेलो आणि भावाला म्हणालो, "इंजिन बंद कर. तिला ऐकाय येत न्हाय." त्यानं तोंड वाकडं करून चावी फिरवली. मी वळून बघितलं. रिकाम्या खोलीत ती मान जराशी तिरकी करून बसली होती, एक हात कळांवर, आणि बरोबर उत्तरं हळू आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत होती, तोंडपाठ करत असल्यासारखी.